उष्टी हवा

आमच्या शेजारचे दगडूआबा कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती पेटवतात. देवासमोर नव्हे, खोलीच्या मधोमध. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी भक्तिभावाने हात जोडले, डोळेही मिटले. उघडले तर आबा धुराकडे बघत म्हणत होते, "धूर हालत नही, भाऊ. उष्टी हवा!"

बंद खोलीत एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने घ्यायचा, ही आबांच्या लेखी उष्टी हवा. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवणाऱ्या कडोदऱ्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये त्यांची हयात गेली. त्याचा सूड आता ते सुरतेतल्या प्रत्येक खिडकीवर उगवतात. माझ्याच घरातली खिडकी मी थंडीत त्यांना चोरून लावतो.

माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. एसी हॉल, मोठ्या मिनतवारीने मिळवलेला. पण माझ्या आईची फुफ्फुसं आजारपणानंतर नाजूक झालेली. डॉक्टरांनी बंद जागेतल्या गर्दीपासून जपायला सांगितलं होतं.

"आईला घरीच ठेवू या," मी शहाणपणाने म्हणालो. आई बाहेर काढलेलं नवं लुगडं पुन्हा घडी घालून कपाटात ठेवू लागली.

"कोण ठेवतंय घरी?" आबा कडाडले. "माणूस कशाला कमी करता? हॉल सुधारा!"

साखरपुड्याला त्यांनी हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, समोरासमोरची दोन्ही दारं उघडली आणि एका दारात खुर्ची टाकून बसले. मॅनेजर दार लावायला धावत आला. "काका, एसी चालू छे! बारणुं बंध करो!"

"तुमचा एसी उष्टंच गार करून वाढतो," आबा म्हणाले. "मी नही उठणार. खुर्चीसकट उचला."

व्याही घाम पुसत माझ्याकडे बघू लागले. मी पुढाऱ्यासारखी दोन्हीकडे मान डोलावली. मग हळूच आबांजवळ गेलो. "आबा, निदान एक दार लावू या?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"लेकीच्या लग्नात आमच्या मंदाला टीबी होता. लोक म्हणाले, घरी ठेवा. मीच ठेवली, दार लावून. मांडव गल्लीतच होता, भाऊ. तिने नुसता बँड ऐकला."

मंदा म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त फोटो, त्यालाही हार.

खिडकीशी आई नव्या लुगड्यात बसली होती. पेढ्यांचं ताट आलं तेव्हा पहिला पेढा तिने दारातल्या आबांकडे पाठवला.

मी खास शिवलेला कोट काढला, समोरच्या दारात खुर्ची ओढली आणि बसलो. मॅनेजर माझ्याकडे येत होता.

"खुर्चीसकट उचला," मी म्हणालो.