पुतळ्याला बसला म्हणजे मला बसला

मोजमापात आपली चूक होणं शक्य नाही, याबद्दल धाकटीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नुकतीच नोकरीला लागली होती. डोक्यावरच्या एका केसाचं वजन सांगणारे काटे तिच्या हाताखालून जायचे. मग स्वतःच्या कमरेचं माप घेणं ते काय मोठं?

प्रश्न कमरेचाच होता. धाकटीला कमर होती, पण तिच्या कपड्यांना ती कधी सापडली नव्हती. लहानपणापासून ती ताईचे कपडे घालत आली होती. ताई उंच, पोहून पोहून रुंद झालेल्या खांद्यांची. धाकटी बुटकी आणि मध्ये जराशी गोल, भोवऱ्यासारखी. ताईचा प्रत्येक फ्रॉक तिच्या अंगावर तंबूसारखा उभा राहायचा आणि आत धाकटी एकटीच राहायला असायची. "वाढशील की त्यात," आई म्हणायची. वाट बघत बघत धाकटी पदवीधर झाली, पण कपड्यांत वाढायचं तेवढं राहूनच गेलं.

आता प्रयोगशाळेच्या वार्षिक सभेत नव्या मंडळींनी एकेक व्याख्यान द्यायचं होतं. त्या दिवशी अंगावर असा ड्रेस हवा, की जो आधी ताईने घातलेला नाही, एवढंच धाकटीचं मागणं होतं. कापड तिने आणून ठेवलं होतं. उजाडायच्या जरा आधी आभाळ असतं तसल्या निळ्या रंगाचं, हातात धरलं तर बोटांतून ओघळणारं. ते उशाशी घेऊन ती झोपायची, आणि स्वप्नात एका लांबलचक दालनातून चालत जायची. पायांचा आवाज नाही, ड्रेस पाण्यासारखा मागून येतोय, आणि कमर जिथे असायला हवी तिथेच आहे.

"टेलरकडे टाक की," आई म्हणाली.

"टेलर आठ-दहा ठिकाणी माप घेतो, आई. मधल्या जागा अंदाजाने भरतो."

"सगळं जग अंदाजानेच कपडे घालतंय, बाई. कुणी उघडं हिंडताना दिसलंय का तुला?"

पण धाकटीकडे पद्धत तयार होती. जुना टी-शर्ट घालायचा, त्यावर खांद्यापासून मांडीपर्यंत चिकटपट्टी गुंडाळून घ्यायची, पाठीवर चीर देऊन ते कवच सोडवायचं, आत चिंध्या भरायच्या. झाला आपला हुबेहूब पुतळा. ड्रेस त्याच्यावरच बेतायचा.

ताई पट्टी घेऊन गुंडाळायला बसली. "सैल उभी राहा."

"सैलच आहे."

ती नव्हती. पट्टी पोटाशी आली आणि पोट आपण होऊन आत गेलं, वर्गात बाई आल्यावर पोरं ताठ बसतात तसं. यात लबाडी अजिबात नव्हती. आपल्या कमरेकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलंच नव्हतं, तेव्हा कमरेनेही जरा बरं दिसायचं ठरवलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू डबा परत करायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई, काय मोडलं हिचं?"

"काही नाही काकू, ड्रेस शिवतोय," ताई म्हणाली.

"आधी ड्रेस, मग पट्ट्या ना?"

काकूंचं समाधान होईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ धाकटी पोट आत घेऊन हसत उभी होती. परक्या माणसासमोर ते बाहेर कसं सोडणार?

पुतळा मात्र झकास झाला. काठीवर बसवून खिडकीशी ठेवला, तर पडद्यातून येणाऱ्या उजेडात राजकन्येसारखा दिसायला लागला. सकाळी चष्म्याशिवाय उठलेल्या बाबांनी त्याला चहा विचारला, उत्तर आलं नाही तेव्हा "नोकरी लागली की बोलणं बंद" असं पुटपुटत ते निघून गेले. आई तर येता-जाता म्हणू लागली, "बघ कशी उभी राहते. शीक जरा."

ताई मशीनवर बसली, धाकटी टाचण्या लावत गेली, आणि ड्रेस पुतळ्याच्या अंगावर चढला तो जणू तिथेच उगवल्यासारखा.

"एकदा घालून बघ ना."

"कशाला? पुतळ्याला बसला म्हणजे मला बसला. दोन वस्तू सारख्या असल्या की एकीची परीक्षा पुरते."

"त्यातल्या एकीला रात्री जेवायची सवय आहे," ताई म्हणाली.

पण धाकटीला तो पहिल्यांदा व्याख्यानाच्या दिवशीच घालायचा होता.

त्या दिवशी सकाळी चेन कमरेपर्यंत आली आणि अडली. ताईने धाकटीच्या पाठीला गुडघा लावला. "पोट आत. अजून. आता तिथेच ठेव." चेन वर गेली. ताईने घाम पुसला. "घट्ट होतोय का?"

धाकटीने प्रामाणिकपणे विचार केला. पण तुलना कशाशी करणार? तंबूत वाढलेल्या माणसाला घट्ट कशाला म्हणतात ते काय ठाऊक. "यालाच फिटिंग म्हणत असतील," ती बारीक आवाजात म्हणाली.

आणि खरंच, रस्त्यावर आल्यावर सगळं बदललेलं होतं. झाडांच्या कडांना चंदेरी रेघ आली होती. माणसं हळू, तरंगत चालत होती. प्रयोगशाळेच्या दारातल्या रखवालदाराचं "या मॅडम" शंखातून यावं तसं लांबून आलं. पायांना वजन नव्हतं. आपण सुंदर दिसतोय त्याची ही जाणीव, धाकटीला वाटलं. प्राणवायू कमी पडला की माणसाला हेच सगळं होतं, असं तिने परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण सुंदर दिसण्याचा अनुभव नसल्यामुळे या दोहोंतला फरक ओळखायचं साधन तिच्याकडे नव्हतं.

ती तरंगतच व्यासपीठावर चढली.

"वजनकाटा... खोटं... बोलत नाही."

एका श्वासात याहून जास्त मावत नव्हतं. सभागृह पुढे झुकलं. पहिल्या रांगेतल्या संचालकबाईंनी पेन खाली ठेवलं. इतक्या सबुरीने बोलणारी मुलगी त्यांनी अलीकडे पाहिली नव्हती. एक म्हातारे अभियंता चष्मा काढून डोळे टिपू लागले. धाकटीला सगळे निळ्या पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते, आणि ती त्यांच्यावरून हळूहळू वाहत होती.

"वस्तू... वापरात... जशी असते... तशीच मोजावी. ताणून धरलेल्या... वस्तूचं माप..."

इथे ती थांबली. खिडकीशी उभी असलेली राजकन्या तिला दिसली. पट्टी दिसली, काकू दिसल्या.

"...चुकतं," धाकटी म्हणाली, आणि त्या शब्दाबरोबर राहिलेला सगळा श्वास सुटला.

चेन वरपासून खालपर्यंत उसवली. गोणपाट फाडावं तसा आवाज माईकने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. धाकटीने दिवसातला पहिला पुरा श्वास घेतला. चंदेरी रेघा विझल्या. समोर रंग उडालेल्या भिंती आणि पंख्याखाली बसलेली साधी माणसं उरली. मग फळ्याला पाठ टेकून, खणखणीत आवाजात तिने उरलेलं व्याख्यान धडाधड संपवलं.

"उत्तरार्धात छान मोकळ्या झालात," संचालकबाई म्हणाल्या.

हिशेब खात्यातल्या बाई जवळ आल्या. "काय सुरेख ड्रेस गं. वळ बघू जरा, मागून कसा आहे?"

"मागून अजून ठरायचंय," धाकटी म्हणाली, आणि दरबारातून निघावं तशी उलट्या पावली दाराबाहेर पडली.

घरी ताईने तिला गोल फिरवलं.

"फेकायचा नाही," धाकटी आधीच म्हणाली.

"कोण फेकतंय? मागे दोन्ही बाजूंना एकेक पट्टी जोडली की झालं."

"कापड आहे उरलेलं?"

"हे नाही. दुकानातही संपलंय, परवाच विचारून ठेवलं होतं." ताईने कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक विटलेला निळा फ्रॉक काढून ड्रेसला लावून पाहिला. "रंग जुळतो मात्र."

धाकटीने तो फ्रॉक ओळखला. ती त्यात दोन वर्षं राहिली होती.

ती आरशासमोर उभी राहिली. पोट मनाला येईल तसं बाहेर होतं, आणि मागून उघडा असलेला ड्रेस पुढून पाण्यासारखा पडला होता. कमर जिथे होती तिथेच होती, फक्त स्वप्नातल्यापेक्षा जरा ऐसपैस.

"लाव पट्ट्या," ती म्हणाली. "तरी नव्वद टक्के माझाच राहतो."

"त्यात माझी शिलाई धरलीस का?" ताई दातांत टाचण्या धरून म्हणाली.