अख्खं अस्वल आणि जपानी चाकू

एका जंगलात, बाळांनो, जाणकारांची फार गर्दी झाली होती. वाघ मोजायला गेलं तर दोन, आणि जाणकार मोजायला गेलं तर झाडागणिक एक.

जाणकार ओळखायचा कसा, ते आधी सांगते. ज्याचा डावा हात गुळगुळीत, तो जाणकार. तिथली रीतच होती तशी. धारेची कुठलीही वस्तू आली, की डाव्या हातावर फिरवून बघायची. केस उडाले की मान डोलवायची. ज्याच्या हातावर केस कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. तुम्ही नाही हं असं काही करायचं. बाबांच्या दाढीच्या सामानाला हातसुद्धा लावायचा नाही. ऐकताय ना?

तर त्या जंगलात सोनकी नावाची एक माकडीण राहायची. तिचे दोन्ही हात चांगले केसाळ होते, म्हणून तिला कोणी काही विचारत नसे. तिला एकच लेकरू, टिंबू. आणि सोनकीला काळजी करायची भारी सवय. टिंबू शिंकला की काळजी. नाही शिंकला, तर आज शिंकला कसा नाही, म्हणून काळजी.

एकदा सहलीची माणसं जंगलात जेवून गेली. मागे कांद्याची रिकामी जाळीदार पिशवी राहिली, आणि तिचं तोंड बांधायची निळी नायलॉनची दोरी. टिंबूनं दोरी कमरेला गुंडाळली, गाठ मारली, ओढली आणि ऐटीत म्हणाला, "आई, बघ, मी साहेब!"

गाठ बसली ती बसलीच. सोनकीनं नखांनी ओढून बघितलं, दातांनी ओढून बघितलं. गाठ हलेना, दात मात्र हलायला लागला.

टिंबू वाढत्या अंगाचा. तो रोज वाढायचा, दोरी काही वाढत नव्हती. एक केळं खाल्लं की ती आणखी आत रुतायची.

"आई, अजून एक दे ना."

"नको रे राजा. सकाळी खाल्लंस ना?"

आपल्याच लेकराला खायला नको म्हणायचं, याहून वाईट काम आईला दुसरं नसतं.

त्याच आठवड्यात नदीकाठी करकोचा आला. दर हिवाळ्यात तो लांबून उडत यायचा, येताना सामान आणायचा आणि खडकावर दुकान मांडायचा. या वर्षी त्यानं घडीचे चाकू आणले होते. पातं मुठीत मिटायचं. उघडलं की 'खट्' करून बसायचं. पात्यावर बारीक अक्षरात कोरलेलं, जपान.

"केवढ्याला हो, करकोचेभाऊ?"

"ओंजळभर बोरं द्या, ताई."

सोनकीला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. एवढा स्वस्त? लेकराच्या उघड्या पोटाजवळ न्यायचं पातं ते. मध्येच मिटलं तर? सटकलं तर? तिनं चाकू घेतला खरा, पण वापरायचा धीर होईना. म्हणून ती कोल्होबांना विचारायला गेली.

आणि बाळांनो, तिचं इथंच चुकलं.

कोल्होबा म्हणजे जंगलातले सगळ्यात मोठे जाणकार. त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत वांग्यासारखा तुळतुळीत होता.

"कितीला पडला?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"ओंजळभर बोरं."

कोल्होबांनी चाकू न उघडताच तोंड वाकडं केलं. "मग जपानी नाही. आणि जपानी असेल, तर एवढा स्वस्त नाही."

"पण दोन्ही आहे ना तो."

"दोन्ही असूच शकत नाही, बाई. बिबटेसाहेबांचा चाकू बघितलायस? एक अख्खी म्हैस मोजलीय त्यांनी."

"चांगला कापतो का?"

"कापतो?" कोल्होबा हसले. "अगं, पाच वर्षं झाली, तेल लावून पानात गुंडाळून ठेवलाय. म्हैस दिलेल्या चाकूनं कोणी कापतं का?"

"मला दोरी कापायचीय, कोल्होबा. एवढंच सांगा, कापताना मध्येच मिटणार नाही ना हा?"

"असं उभ्या उभ्या सांगायला मी काय दुकानदार आहे? परीक्षा घ्यावी लागेल. ठेवून जा."

पहिला दिवस आवाजाचा. सगळे जाणकार गोल बसले. एकेकानं चाकू कानाशी धरून शंभरदा उघडला, शंभरदा मिटला. खट् खट्, खट् खट्. सुतारपक्षी बिचारा घरटं सोडून गेला. त्याला वाटलं, आपल्या जागी दुसऱ्याला नेमलं.

"आवाज बरा आहे," कोल्होबा म्हणाले. "पण महागाचा नाही वाटत."

"मग मिटणार नाही ना मध्येच?" सोनकीनं विचारलं.

"आज आवाजाचा दिवस आहे, बाई. मध्ये मध्ये बोलू नकोस."

दुसरा दिवस डुगडुगीचा. पातं चिमटीत धरून प्रत्येकानं हलवून बघितलं. ते तसूभर हललं नाही. जाणकारांनी एकमेकांकडे बघितलं. "एवढं घट्ट? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय एवढं घट्ट कोण बसवेल?"

तिसऱ्या दिवशी केस. पण जाणकारांच्या डाव्या हातांवर केस होतेच कुठं? मग उजवे हात पुढे आले. ते संपले. मग पाय, मग पाठी, मग पोटं. जो तो म्हणे, एकदा मला बघू दे. दुपारपर्यंत जाणकारांच्या अंगावरचे केस संपले, धार मात्र संपेना.

तेवढ्यात कोल्होबांना अस्वलकाका दिसले. ते उन्हाला बसले होते.

"अस्वलकाका, एवढी मोठी परीक्षा अंगावर बाळगून तुम्ही गप्प बसलायत होय?"

अस्वलकाकांना आजवर कोणी कशाला बोलावलं नव्हतं. ते लाजले आणि पुढे येऊन बसले.

मानेपासून सुरुवात झाली. चौथ्या दिवशी काम कमरेपर्यंत आलं. सोनकी टिंबूला मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. "अजून किती राहिलंय हो?" ती सारखी विचारायची.

"मागचे दोन पाय."

पाचव्या दिवशी शेवटच्या पायाच्या गुडघ्यावर चाकू अडला. अस्वलकाका ओरडले, "आई गं!"

"बघितलंत?" कोल्होबा टुणकन उठले. "शेवटी मालाची जात कळलीच. धार टिकत नाही! अख्खं अस्वलसुद्धा झालं नाही!"

"आणि माझा हा पाय आता असाच ठेवायचा काय?" अस्वलकाका कुडकुडत म्हणाले. पण त्यांच्यातली परीक्षा संपली होती, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी बघेना.

"निकाल असा," कोल्होबा म्हणाले. "हा चाकू घेऊ नये."

"मी घेतलाय, कोल्होबा."

"मग वापरू नये."

सोनकी चाकू घेऊन परत आली. तिनं टिंबूसमोर केळं धरलं. टिंबूनं तोंड फिरवलं. पाच दिवस 'अजून एक दे' म्हणून तिचं डोकं खाणारं पोरगं, आज मागेचना. त्यानं मागावं म्हणून ती वाट बघत बसली. नाहीच मागितलं.

त्याला पाठीवर घेऊन ती धावतच नदीवर गेली. "करकोचेभाऊ, काय चाकू दिलात हो तुम्ही! धार गेली त्याची!"

"काय कापलंत, ताई?"

"अस्वल."

करकोचा एका पायावर उभा होता. "किती?"

"एक तंगडी सोडून सगळं."

करकोच्यानं दुसराही पाय खाली टेकला. "ताई, इतकी वर्षं चाकू विकतोय. लिंबापलीकडं कोणी काही कापलेलं मी तरी ऐकलं नाही. घासला का?"

"घासायचा असतो?"

"ओल्या दगडावर वीस-पंचवीस वेळा घासा. लोखंड आहे ते, रुसतं कधी कधी."

सोनकीनं चाकू घासला. मग इतके दिवस मनात घोळवलेला प्रश्न तिनं विचारला, "मध्येच मिटणार नाही ना?"

"पात्याची पाठ दगडावर टेका आणि मुठीवर जोर द्या. तुम्हीच बघा."

सोनकीनं सगळं अंग टाकून दाबलं. पातं मिटलं नाही. एवढंच होतं ते. शंभरपर्यंत मोजायला लागतो, तेवढाही वेळ लागला नाही.

मग तिनं दोरी आणि पोट यांच्या मध्ये आपलं बोट घातलं. लागलंच तर मला लागू दे. पातं बाहेरच्या बाजूला धरलं आणि ओढलं.

तट्.

दोरी खाली पडली. टिंबूनं एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाला, "केळं."

सोनकी रडली पण आणि हसली पण. टिंबूचं चौथं केळं चालू होतं, तेव्हा जाणकार मंडळी नदीवर आली.

"वापरलास?" कोल्होबा ओरडले. "निकाल लागल्यावर?"

"दोरी तुटली की, कोल्होबा."

कोल्होबांनी दोरी उचलली, वास घेतला, उलटसुलट बघितली. "ही काय दोरी आहे? वाटेत फुकट सापडलेली! दोरीच हलकी निघाली, त्यात चाकूचं काय कौतुक?"

"खरं आहे," सगळे म्हणाले.

"असं चालणार नाही. पोराला पुन्हा होती तशी दोरी बांध. आम्ही बसतो. आमच्यासमोर रीतसर कापून दाखव."

सोनकीनं टिंबूकडे बघितलं. मग कोल्होबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सगळं अंग तुळतुळीत झालेलं, फक्त मागे शेपटीचा गोंडा तेवढा फुललेला.

"बांधते की," ती म्हणाली. "पण माझं पोरगं आता जेवतंय. तुमच्या शेपटीला बांधते. दोरीबरोबर केसांचीही परीक्षा होऊन जाईल." आणि तिनं 'खट्' करून चाकू उघडला.

कोल्होबांनी शेपूट पुढे ओढून पोटाशी धरलं.

"आज अमावास्या आहे," ते मागे सरकत म्हणाले. "अमावास्येला आम्ही परीक्षा घेत नाही."

अमावास्येला अजून दहा दिवस होते. पण जाणकारांचं मत पडलं, की अमावास्या आजच आहे. आणि एकेक करून सगळे झाडीत दिसेनासे झाले.

तात्पर्य : स्वस्त वस्तू घेतली, की आधी चार जाणकारांना दाखवावी, वापरून बघायची घाई करू नये. वापरली की ती चांगली का वाईट ते लगेच कळून जातं, आणि मग जाणकारांनी दिवसभर करायचं काय?