आवश्यकतेनुसार साबण

"दाजी, यंत्र धुवून ठेवाल ना?" मेहुण्याने मोटरसायकलला किक मारता मारता विचारलं. "सकाळी तणनाशक मारलंय त्यातून. उद्या टोमॅटोवर औषध फवारायचंय. टाकीत जरा जरी अंश राहिला, तर टोमॅटो गेले म्हणून समजा."

"निर्धास्त जा," दाजी म्हणाले. "आयुष्यभर मी दुसरं केलं काय?"

हे खरं होतं आणि नव्हतंही. दाजींनी आयुष्यभर यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या होत्या. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, फवारणी यंत्रं; ती कशी वापरावीत, कशी धुवावीत, काय करू नये. फक्त त्यातलं एकही यंत्र त्यांनी स्वतः हाताळलं नव्हतं. आता नोकरी सोडून ते बायकोसह सासऱ्यांच्या शेतावर शेती शिकायला आले होते आणि अजून तरी त्यांना एवढंच कळलं होतं, की ती खुर्चीत बसून करता येत नाही.

शेडमागच्या पडीक तुकड्यावर, विहिरीपासून बरंच लांब, ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागे जोडलेलं यंत्र म्हणजे एक भलीमोठी टाकी, दोन्ही अंगांना पसरलेले लांब दांडे आणि दांड्यांवर ओळीने बसवलेले नोझल. दाजींनी गमबूट चढवले, रबरी हातमोजे घातले, एप्रन बांधला, मास्क लावला आणि स्वतःच्या चष्म्यावर गॉगल बसवला. शेडच्या कडेला टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडत असलेली बायको बघतच राहिली.

"अहो, टाकी धुताय की चंद्रावर निघालात?"

"सुरक्षितता!" दाजी म्हणाले. मास्कमधून ते "फुफ्फुता" असं काहीतरी बाहेर आलं.

पहिली धुलाई झकास झाली. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, टाकीत घरच्या नळाला जोडलेल्या नळीने पाणी सोडलं, पंप चालवून ते घुसळलं आणि नोझलमधून पडीक जमिनीवर फवारून टाकलं. दाजींना स्वतःचा अभिमान वाटला. दुसऱ्या धुलाईला साबण लागतो, हेही त्यांना पाठ होतं. वाक्य त्यांनीच लिहिलेलं होतं : 'टाकीत आवश्यकतेनुसार साबण घालावा.' वाक्य लिहिताना ते त्यांना फार नेटकं वाटलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात आलं, की म्हणजे नेमका किती?

विचारायचं कुणाला? लेखक तेच होते. टाकी मोठी आहे, तेव्हा आवश्यकताही मोठीच असणार, असा हिशोब करून त्यांनी कपडे धुवायच्या पावडरचा नवाकोरा पुडा अख्खा ओतला, पाणी सोडलं आणि पंप चालू केला.

आधी टाकीच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. मग टोपीचा फेटा झाला. मग फेस टाकीच्या अंगावरून ओघळून चाकांपर्यंत पोचला आणि तेवढ्यात वारा सुटला. फेसाचा एक मोठा गोळा सुटून थेट रोपांच्या दिशेने निघाला.

"अगं, ट्रे उचल! रोपं जळतील!" दाजी ओरडले.

"काय म्हणताय?"

मास्कमुळे सगळं फुकट गेलं. दाजी हात पसरून फेसाच्या आडवे धावले. एक गोळा त्यांनी छातीवर झेलला, दुसरा डोक्यावर. गॉगल आतून धुक्याने भरला. पंप बंद करावा म्हणून ते चाचपडत परत आले, पण हातमोजा घसरला आणि भलताच लिव्हर ओढला गेला. दांड्यांवरचे सगळे नोझल एकदम फेस ओकू लागले. त्यात दाजींचा गमबूट घसरला. पडता पडता त्यांनी सीटमागची एक नळी धरली आणि तिला लोंबकळत राहिले.

बायकोला आता काही सांगावं लागलं नाही. तिने भराभरा ट्रे शेडच्या आत नेले, वाऱ्याच्या वरच्या बाजूने वळसा घालून आली आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर गप्प झाला.

"बंद करायचं असेल तर ही फिरवतात," ती म्हणाली.

"माहितीय," दाजी नळी न सोडता म्हणाले. "मी लिहिलंय ते."

रोपं वाचली. पण टाकीतला फेस काही संपेना. पाणी भरावं, घुसळावं, फवारून टाकावं, की पुन्हा फेस. मधेच काही नोझल तुंबले. दाजींनी एक काढून तोंडाशी नेला आणि जोरात फुंकर मारली.

"अहो! विष आहे ते!"

मास्क होता म्हणून निभावलं. 'नोझल कदापि तोंडाने फुंकू नये,' हे वाक्य दाजींनी प्रत्येक पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापायला लावलं होतं. त्यांनी शरमून नोझल पाण्यात बुडवला आणि मऊ ब्रशने घासायला घेतला. एवढ्यात घराकडून सासऱ्यांचा आवाज आला.

"पाणी कुणी घालवलं? माझ्या डोळ्यांत साबण आहे!"

गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. बायको सासऱ्यांसाठी स्वयंपाकघरातली कळशी घेऊन धावली. घरची टाकी पुन्हा भरून घेऊन दाजींनी यंत्र पुन्हा पुन्हा धुतलं. अखेर नोझलमधून निखळ पाणी आलं, तेव्हा दुपार कलली होती. दाजी सुस्कारा सोडणार, एवढ्यात त्यांना दिसलं, की सीटमागच्या नळीच्या खालच्या अंगाला चिकटून राहिलेल्या फेसात बारीक बारीक बुडबुडे येतायत. पुसले तरी पुन्हा येतायत.

ते ज्या नळीला लोंबकळले होते, तीच ही नळी.

"मोडली," दाजी खचून म्हणाले. "धुवायला दिलं होतं, मी मोडून ठेवलं. तुझा भाऊ मला उद्यापासून कोंबड्या मोजायला लावेल."

"आपल्याकडे कोंबड्या नाहीत."

"म्हणजे तेवढंही काम उरलं नाही."

संध्याकाळी मेहुणा परतला. दाजी आंघोळ करून अंगणातच थांबले होते. त्याने यंत्राची जाळी काढून पाहिली, टाकीत डोकावला, नोझल तपासले. "वा दाजी! नवं दिसतंय."

"नवं नाही," दाजी म्हणाले. "सीटमागची नळी फोडली मी. मला माफ कर."

मेहुण्याने वाकून नळी वळवली. खालच्या अंगावरून अंगठा फिरवून पाहिला.

"ही आज फुटलेली नाही, दाजी. चिरेच्या कडांना औषध सुकून पांढरं झालंय बघा. महिनोन्महिने इथून बारीक फवारा थेट माझ्या पाठीवर उडत असणार. आणि मी खाज थांबेना म्हणून डॉक्टर बदलत बसलो! तुम्हाला सापडली कशी?"

"मी शोधली नाही. अख्खा पुडा साबण ओतला. फेस झाला. त्यातून बुडबुडे आले."

"बरोबर! पंक्चर काढतात तसं. मला कधी सुचलं नसतं."

"मलाही सुचलं नव्हतं! मी घसरलो रे. लोंबकळत होतो."

"खरं सांगतायत ते," बायको म्हणाली. "त्यांना बंद करायला किल्लीसुद्धा फिरवता आली नाही."

"ताई, नवऱ्याला असं चारचौघांत बोलू नये," मेहुणा गंभीरपणे म्हणाला. "माणूस मोठेपणा घेत नाही, म्हणून आपण त्याला लहान करायचं का?"

सासरे ओट्यावरून म्हणाले, "पुस्तकं लिहिलेला माणूस आहे. उगाच का?"

दाजींनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. फेटा सांगितला, फुंकर सांगितली. आपण मूर्ख आहोत, हे आयुष्यात पहिल्यांदाच ते इतक्या पोटतिडकीने पटवून देत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक मेहुण्याचा चेहरा आदराने भरून येत होता.

"बस, ठरलं," तो खिशातून फोन काढत म्हणाला. "शेजारच्यांच्या यंत्राची पण तीच अवस्था आहे. उद्या सकाळीच घेऊन यायला सांगतो त्यांना."