पोपचे वकील, तळमजला

बिशपकाकांना निरोप जसाच्या तसा पोचवता येत नसे. दूधवाला दारात उभा राहून ओरडला, "बाईंना सांगा, उद्यापासून दूध बंद!" तर काका आत जाऊन बहिणीला सांगायचे, "गवळीबुवा आपल्याशी नव्याने बोलणी करू इच्छितात."

ते आमच्या नेरूळच्या सोसायटीत आले तेव्हा आसपास इमारतींपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. तळमजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, त्यांची विधवा बहीण मरियाबाई राहायची. निवृत्त होऊन ते तिच्याकडे आले. मूळचे वसईचे. तरुणपणी रोमला शिकायला गेले ते पुढे आर्चबिशप झाले आणि पोपचे राजदूत म्हणून जन्मभर देशोदेशी फिरले. मरियाबाईंनी ओळख करून देताना "पोपचे वकील" असं सांगितलं. त्याच रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे जाधव गावच्या जमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन हजर!

काकांनी कागद शेवटपर्यंत वाचले, चहा पाजला, "वातावरण निवळतंय" म्हणाले आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेले. जाधव मला म्हणाले, "काय कळलं न्हाई बगा. पन मानूस लई मोठा हाय."

घरात काका लुंगीवर असायचे. पण दार वाजलं की आधी लांब पांढरा झगा चढवायचे, मगच कडी काढायचे. मग दारात झाडूवाला का असेना. "कोण काय प्रस्ताव घेऊन आला असेल, सांगता येत नाही," म्हणायचे.

सोसायटीतला खरा प्रश्न होता जाधव आणि परबांचा. जाधव वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कामाला, साताऱ्याकडचे. त्यांच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर परब, मालवणकडचे, सरकारी कचेरीत. परबबाईंनी गॅलरीत आमसुलं वाळत घातली की वरून जाधवांचे ओले कपडे गळायचे. आमसुलांना बुरशी आली, त्यावरून तोंडातोंडी झाली, आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. पोरंसुद्धा वेगवेगळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळायला लागली.

काका स्वतःहून मध्ये पडले. परब म्हणाले, "त्या माणसाक सांगा, परत एक थेंब पडलो तर दोरी कापून टाकीन." काका झगा सावरत वर गेले. "परबसाहेबांना आपल्या दोरीची काळजी वाटते," म्हणाले.

जाधव चक्रावले. मग भडकले. "त्याला म्हनावं, हिंमत असंल तर वर ये!"

काका खाली आले आणि म्हणाले, "जाधवांनी आपल्याला घरी बोलावलंय. सहकुटुंब."

परबांनी कपाट उघडलं. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. परबबाईंनी उरलीसुरली चांगली आमसुलं पुडीत बांधली. जाधवांनी दार उघडलं तर समोर हे दोघं, हातात पुडी. इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसकट दारात आलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? जाधव म्हणाले, "या. बसा." आतून पोहे आले.

पोह्यांवर बिंग फुटलंच. "मी कवा बोलवलं वो तुमास्नी?" आणि दोघांना एकदमच उलगडा झाला. हसण्याचा आवाज तळमजल्यापर्यंत आला. काका जिन्याचा कठडा धरून वर कान लावून उभे होते.

"काका, खोटं उघडं पडलं की," मी म्हणालो.

"पडतंच. पण तोवर चहा झालेला असतो."

मग ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "जन्मभर हेच केलं मी. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं टेबलाशी आणून बसवली. सह्या झाल्या की माझी बदली. पुन्हा नवा देश, नवी भाषा. मागे राहिलेली ती माणसं पुढे बोलली का, एकमेकांच्या घरी गेली का, मला कधी समजलंच नाही. एका ठिकाणचं कळलं, तेही रेडिओवरून. तिथे पुन्हा गोळीबार सुरू झाला होता." कठड्यावरचा हात काढून म्हणाले, "विचारणार तरी कुणाला? कुठल्याच गावात माझं असं कुणी नव्हतं."

पुढे एक तरुण फादर त्यांना न्यायला आले. म्हाताऱ्या धर्मगुरूंसाठी वांद्र्याला आश्रम होता, नर्स होती, बाग होती. काका म्हणाले, "परबांच्या मुलीचं लग्न होऊ दे."

लग्नाच्या दिवशी ते फादर गाडी घेऊन थेट हॉलवरच आले. लग्नाचा सगळा भाजीपाला जाधवांनी मार्केटातून आणला होता आणि कमरेला पंचा बांधून ते वाढत होते. काका खुर्चीत बसून टक लावून बघत होते. पंगतीच्या टोकाला जाधव आणि परबांचा आवाज चढला.

"काय झालं?" काकांनी मला विचारलं.

"मसालेभातात तिखट जास्त पडलंय, त्यावरून चाललंय."

फादर हळूच म्हणाले, "निघायचं ना?"

"श्श!" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "भांडतायत बघ कसे. घरच्यासारखे."

त्यांनी जाधवांना हाक मारून आणखी भात मागून घेतला. गाडी वांद्र्याला रिकामीच गेली.