विचारलं तेवढंच उत्तर

जगदाळे सरांकडे इंग्रजीत काही मागायची सोय नव्हती. मराठीत मागा, उन्हातान्हात गावभर फिरून आणून देतील. इंग्रजीत मागितलंत की बसा बोंबलत.

आम्ही गारखेड्यातल्या नव्या इमारतीत राहायला गेलो, त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. चहूकडे इमारती चढत होत्या आणि बोअर आटत होते. पाण्याचा टँकर यायचा. पहिल्याच टँकरला पाइप शेजारच्या सरांच्या पायाशी पडला, पाणी रस्त्यावर वाहायला लागलं आणि मी ऑफिसातल्या सवयीनं म्हणालो, "कॅन यू पास मी दॅट पाइप, प्लीज?"

"यस, आय कॅन," म्हणून सर हाताची घडी घालून उभे.

पाणी चाललंय, रांगेतल्या बायका मला खाऊ की गिळू बघतायत. शेवटी मी ओरडलो, "अहो, पाइप द्या की!"

"हां, असं म्हणा की," म्हणत त्यांनी पाइप दिला. "तुम्ही विचारलं, देता येतो का. येतो."

पिशोरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. "जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. पोरायला म्या हेच शिकवलं," हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. माझ्या बायकोनं एकदा सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीबद्दल बोलायला जाऊन "हॅव यू गॉट अ मिनिट?" विचारलं. सरांनी घड्याळ बघितलं, मिनिटभर ऐकलं आणि वाक्य अर्धं असताना दार लावून घेतलं. बँकेतल्या मुलीनं "हाऊ आर यू, सर?" म्हटलं, तर तिला गुडघ्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगितलं. मागे अख्खी रांग, आणि रांगेत मी. "तिनंच विचारलं ना?" हे वर मलाच.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. सून बंगाली, त्यामुळे त्या घरात इंग्रजीच. त्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदाच यायला लागला, तेव्हा सून फोनवर म्हणाली, "बाबा, कम अँड स्टे विथ अस, ॲज लाँग ॲज यू लाइक." हे वाक्य सरांनी जिन्यात भेटेल त्याला शब्दन् शब्द ऐकवलं. मग घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "माझा पाण्याचा ड्रम कुणालाबी देऊन टाका, जोशी. म्या काय आता येत नाय."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

सहाव्या दिवशी भरदुपारी सर दारात. दोन्ही हातांत पिशव्या.

"किल्ली द्या."

मी वैतागलोच. ड्रम दुसऱ्या मजल्यावर देऊन बसलो होतो. "अहो, इतक्यात कसे आलात?"

"पोरानं विचारलं, हाऊ लाँग आर यू प्लॅनिंग टू स्टे. म्या म्हणलं, ॲज लाँग ॲज आय लाइक. दोघं एकमेकाकडं बघाय लागले. वाईट नाय हो ते. पोरानं तिकीट काढून दिलं, खिडकीजवळचं."

"सर, तशी बोलायची पद्धत असते. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. तीस वर्षं शिकवलंय. फोनवरच कळलं होतं." ते पिशव्यांकडे बघत राहिले. "पर म्हणलं, एवढं एक वाक्य खरं धरून बघावं."

मला माझीच लाज वाटली. 'या एकदा निवांत जेवायला' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "आत चला, सर. पानं वाढलीयत."

सरांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि चपला काढल्या.