दीड दिवसाचा सौदा

गंगेकाठी, दुर्गाघाटावर दिगंबरनानांना सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन शिवायचं नाही. तेव्हा ते सोवळ्यात असतात. कद नेसून पाटावर बसलेले, समोर चौरंग, चौरंगावर मोबाईल. देवपूजा आधीच उरकलेली असते. हे सोवळं शेअरबाजाराचं.

बटण दाबण्याआधी नाना आचमन करतात. मग संकल्प: अमुक कंपनी, एक नग, अमुक भावाला खरेदी, अमुक भावाला विसर्जन. पळीभर पाणी ताम्हनात सोडलं की मगच बोट काचेवर. एकदा ते पाणी चार्जरवर पडलं आणि घरातली वीज गेली. नाना अंधारात म्हणाले, "संकल्प जरा जोरात सुटला."

एक नग म्हणजे एकच शेअर. दोन कधी नाही. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर तपश्चर्या करणार आणि संध्याकाळी हाती चार रुपये, किंवा गेलेले तीन. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारतो, "का गुरु, आज डूबे कि तरे?"

"डूबे. लेकिन नियम से डूबे," नाना छाती काढून सांगतात.

मी याच गल्लीत वाढले. आमचा एक गट आहे, मोबाईलवरच्या सट्ट्याविरुद्ध आम्ही पर्चे, म्हणजे छापील पत्रकं, वाटतो. मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. कॉलेजच्या फीचे पैसे दहा मिनिटांत जातात, बहिणीच्या लग्नाची साखळी जाते, आणि ॲपवर रंगीत फुगे उडतात, अभिनंदन म्हणून! ही लूट आहे. तसं मी लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "यह जुआ है, जुआ है, जुआ है।"

नानांनी तो पर्चा लाल शाईने तपासून परत पाठवला. मी भांडायला गेले.

"ये, पर्चेवाली. लांब बस," ते म्हणाले. "तीनदा लिहिलं म्हणून खरं होत नाही. तर्पणातही तीनदा म्हणतात, पण प्रत्येक वेळी पाणी सोडावं लागतं. तुझं पाणी कुठाय?"

"तुमचं कुठाय? तुम्हीही तेच खेळता."

"मी खेळत नाही. जुगारी आशेवर बसतो, मी नियमावर. हे बघ, गणपती आणतानाच ठरतं ना, दीड दिवसाचा? दुसऱ्या दिवशी कितीही जीव जडला तरी उचलतोच ना आपण? कुणी म्हणतं का, थांबा, उद्या जास्त पावेल? सौदा तसाच. घेतानाच त्याचा जायचा भाव ठरवायचा. भाव आला की उचलायचा आणि गंगेवर न्यायचा. रडायचं नाही."

"नाना, चाकू सोवळ्यात धुतला म्हणून खून सात्त्विक होत नाही."

"वा! हे टाक पर्च्यात. जुआ-जुआपेक्षा बरं आहे."

असा माणूस. त्याच्यावर धड चिडताही येत नाही. पण एक गोष्ट मला खटकायची. साडेतीनला बाजार बंद झाला तरी नाना उठत नसत. दिवसभराच्या सौद्यांची यादी उघडून दहा-दहा मिनिटं बघत बसत. यादीत असणार काय? एक खरेदी, एक विक्री. दोन ओळी.

"एवढं काय वाचता?"

"उत्तरपूजा," ते म्हणत आणि मोबाईल फडक्यात गुंडाळून ठेवत.

मी मनात म्हणायची, लत आहे ही, व्यसन. दुसरं काय?

तसं म्हणायला कारणही होतं. हे खातं मुळात हेमंतनं उघडलं होतं. हेमंत नानांचा एकुलता मुलगा. नानांची कागदपत्रं वापरून त्यांच्या नावावर त्यानं खातं काढलं, आणि निवृत्तीचे सगळे पैसे एका थंडीत त्यात घालवले. नाना ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती भावाला थांबणार होतास?" दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी त्याची चप्पल नव्हती. याला चार वर्षं झाली. काकू त्याआधीच गेलेल्या. म्हणजे घरात नाना एकटे, आणि ते खातं.

गल्लीचं म्हणणं, म्हातारा बुडालेलं वसूल करायला बसतो. मलाही पटलं होतं. "गेलेलं परत मिळवायला बसतो तो पक्का जुगारी," हे माझ्या पर्च्यातलं वाक्य नानांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेलं होतं.

यंदा त्यांना डेंग्यू झाला. मी पेज घेऊन गेले तर ते कद नेसून, थरथरत पाटावर बसलेले.

"बरं झालं आलीस. डोळ्यांना दिसत नाही मला. तू घे. एक नग. कुठलाही."

"कुठलाही?" मी ओरडले. "नियमवाले ना तुम्ही? संकल्प कुठे गेला? भाव? विसर्जन?"

"कुठलाही घे गं. दिवस मोकळा जायला नको."

मला दुसरा पुरावा नको होता. तापानं फणफणलेला माणूस एक डाव मागतो, हे लक्षण मी पन्नास घरांच्या दारात उभी राहून समजावलेलं आहे. ॲपनं पासवर्ड मागितला. नानांनी सांगितला, हेमू आणि पुढे त्याचं जन्मवर्ष. मी खातं उघडलं. सौदा केला नाही. पासवर्ड बदलून टाकला. नवा ठेवला, जुगारबंद.

"आता बरे होईपर्यंत हात लावायचा नाही," मी सांगितलं. "पासवर्ड बदललाय मी."

नाना पाटावरून उठले. सोवळं विसरून त्यांनी माझं मनगट धरलं. हात नुसता पेटलेला.

"जुना परत टाक."

"नाही."

"मेधा." पर्चेवाली नाही, मेधा. "त्याला तो एकच माहीत आहे गं."

मला लगेच समजलं नाही. नाना भिंतीला टेकून खाली बसले.

"त्यानं कुठूनही उघडलं, कधीही उघडलं, तर यादीत दिसेल ना त्याला. आज बाप उठला, आजही बसला. पत्ता असता तर पत्र लिहिलं असतं. आणि त्यानं काही घेतलं, तर मला दिसेल."

"नाना, त्यात तुमचं पेन्शन पडलंय. त्यानं पुन्हा सगळं उडवलं तर?"

"उडवू दे. कळेल तरी, आहे म्हणून."

मी जुना पासवर्ड टाकला. आधी वापरलेला पासवर्ड पुन्हा ठेवता येणार नाही, असं ॲपनं अदबीनं कळवलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. लोकांची घरं बुडवायला या ॲपला एक क्षण पुरतो, आणि एका बापाचा जुना शब्द परत घ्यायला त्याच्याकडे सोय नाही! पण तो शब्द पुसला होता मी. चार वर्षं उघडं ठेवलेलं दार मी लावलं, लोकांचं भलं करता करता.

मी रडायला लागले.

"रडायचं नाही," नाना म्हणाले. नियमच तो. मग विचारलं, "चुकला तर किती वेळा टाकू देतात?"

"तीनदा. मग बंद होतं."

"पहिल्यांदा तो जुनाच टाकणार. तो चालला नाही की..." ते भाव बघावा तसे समोरच्या भिंतीकडे बघत होते. "लहानपणी नवी पाटी मिळाली की त्यावर आधी आईचं नाव लिहायचा. मंगला लिही."

मी लिहिलं. ॲपनं घेतलं.

"नाना, हा तर..."

"हो. हा जुगार आहे," नाना म्हणाले. "खुशाल लिही पर्च्यात."

मग मी एक नग घेतला. कुठलाही. आणि थोड्या वेळानं विकला.

पर्चे मी अजून वाटते. राग तसूभर कमी झालेला नाही. फक्त गेलेलं परत मिळवायला बसणाऱ्याचं ते वाक्य काढून टाकलं. साडेतीनच्या सुमारास मी नानांकडे जाते, पाटापासून लांब बसते. नाना यादी उघडतात, चष्मा सरकवतात, वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात. मग मोबाईल माझ्याकडे वळवतात.

"आजही आपल्याच दोन ओळी," म्हणतात, आणि कदाच्या टोकानं काच पुसतात.