पेंटरची शिडी आणि कृष्णकमळ

"इथे शेवाळ तेवढं येईल, भावजी," असं मेहुण्याने म्हटल्या दिवसापासून निवृत्त मास्तरांनी घरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बाग फुलवायचा चंग बांधला. खाली नेचे आणि बेगोनिया, त्यांच्या सोबतीला कृष्णकमळाची वेल. पाय सावलीत आणि डोकं उजेडात, असा तिचा स्वभाव. नुकतीच बढती मिळालेल्या माणसासारखा.

भिंतीवर दोऱ्या बांधायला मास्तरांनी शेजारच्या पेंटरची शिडी आणली आणि ती टेकवतानाच त्यांची कंबर धरली. मास्तर महिनाभर अंथरुणाला खिळले. उठले तोवर वेलीने शिडीला मिठी मारली होती.

"अहो, शिडी देऊन टाका त्याची," बायको म्हणाली.

"आता कशी देणार? वेल फुलायला आलीय."

"मग हॉलमधला बल्ब तरी बदला. शिडी आहेच घरात."

"तिला कोणी हात लावायचा नाही."

पेंटर रोज कुंपणावरून विचारी, "मास्तर, शिडी?" मास्तर कंबरेवर हात ठेवून कण्हत. शेवटी पेंटर टेबलावर स्टूल चढवून छत रंगवायला गेला आणि निळ्या रंगाच्या डब्यासकट गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर उतरला. काम गेलं. तसाच निळा तो मास्तरांच्या बागेत शिरला.

"आज शिडी घेऊनच जाणार."

नेमक्या तेव्हाच, मास्तरांनी नाव दिलेल्या बागस्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. मागोमाग मेहुणा, फजिती बघायला.

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. "एवढ्या सावलीत एवढी फुलं? वेलीला उजेडापर्यंत पायऱ्या करून द्यायची कल्पना कोणाची?"

मास्तरांनी निळ्या पेंटरकडे पाहिलं. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवल्याचा हा तोटा. "शिडी यांची आहे. मी दाबून ठेवलीय."

पेंटरनेही वर पाहिलं. आजवर त्या शिडीच्या अंगावर रंगाच्या डागांखेरीज काही चढलं नव्हतं.

"दाबून कसली? मीच दिलीय," तो म्हणाला. "जरा तिरपी टेकवा, हेही मीच सांगितलं होतं."

पहिला नंबर आला. मेहुण्याने "शेवाळही बरं आलंय" म्हणत काढता पाय घेतला. पेंटर गिऱ्हाइकांना आणून आधी शिडी दाखवू लागला, मग फुलं. मास्तर उलट क्रमाने दाखवत.

आठवड्याने पेंटर खांद्यावर कोरी शिडी घेऊन आला. मास्तरांच्या बायकोने लगबगीने कपाटातून नवा बल्ब काढून आणला. तोवर पेंटरने शिडी समोरच्या भिंतीला टेकवली होती, जरा तिरपी, आणि तिच्या पायथ्याशी तो खड्डा खणत होता.

"इथेही सावलीच आहे ना, मास्तर?"

"हॉलमध्येही आहे," बायको म्हणाली.